जुन्या सामानावर पुन्हा आकाशाचे फोटो : नाशिकमधून काय काय जमेल?

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी. लेमन धूमकेतू (सी/२०२५ ए६) पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला तो नेमका लक्ष्मीपूजनाला, २१ ऑक्टोबर २०२५ ला. त्या आठवड्यात नाशिकच्या हवेत धूर किती होता ते इथे कुणाला सांगायला नको. धूर जरा बसल्यावर गच्चीत जुना कॅनन ११००डी तिवईवर लावला, स्वातीच्या आसपास अंदाजाने रोखला आणि स्क्रीनवर एक हिरवट पुसट ठिपका आला. नुसत्या डोळ्यांना तिथे काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बास, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

एके काळी हा नाद बराच होता. २००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ जवळ आला होता तेव्हा वेबकॅमचं भिंग काढून तो दुर्बिणीला लावायचो आणि रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमा एकावर एक रचायचो. मग नोकरी, बदल्या, पोरांच्या दहावी-बारावी, आणि दुर्बीण माळ्यावर.

हाताशी आहे ते असं: सहा इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), एफ/८ (फोकल लांबी व्यासाच्या आठपट), आरसा स्वतः घासलेला, बैठक डॉब्सन पद्धतीची, हाताने वळवायची लाकडी, मोटर नाही. ११००डी, सोबतची १८-५५ आणि एक ५० मिमी १.८. बऱ्यापैकी जड तिवई. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या काळात घेतलेला प्रकाश-प्रदूषणाचा फिल्टर. चार जीबी रॅमचा लॅपटॉप. मुलगा म्हणतो हे सगळं काढून टाका आणि स्मार्ट टेलिस्कोप घ्या. खर्च करायला ना नाही, पण घरात आकडा मोठ्याने सांगता आला पाहिजे. जाणकारांनी प्रकाश टाकावा (आकाशावर नको).

रात्रपाळी

वाखुसा (वाचनखूण साठवली). माझीही चार इंची माळ्यावर आहे. शेंगदाणे घेऊन बसलोय, चालू द्या.

सातपूरकर_फिटर

काका (पोस्टवरून वय ओळखलं, राग नसावा), दुर्बीण तूर्त बाजूला ठेवा. कॅमेरा, पन्नासची लेन्स आणि तिवई एवढ्यावर हिवाळ्याची सुरुवात करा. मृग आता रात्री नऊच्या सुमाराला पूर्वेला येतोय, डिसेंबरच्या मध्यात मध्यरात्री माथ्याच्या जरा दक्षिणेला असेल.

नेटवर सगळीकडे ५०० चा नियम सांगतात. ५०० ला फोकल लांबीने भागायचं, त्यात कॅमेऱ्याचा १.६ क्रॉप (सेन्सर लहान असल्याचा गुणक) धरायचा, म्हणजे ५० मिमीला सहा सेकंद. हा नियम फिल्मच्या जमान्यातला. ११००डीचा पिक्सेल सुमारे ५.२ मायक्रॉनचा, तो ५० मिमीवर आकाशाचे २१ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक) व्यापतो. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतो आणि मृगाचा पट्टा बरोबर त्याच विषुववृत्तावर बसलाय. सहा सेकंदांत ९० आर्कसेकंद झाले, म्हणजे चार पिक्सेल. ठिपक्याची काडी झाली. अडीच सेकंदांवर थांबा. शर्मिष्ठा, सप्तर्षी असे ध्रुवाकडचे समूह घेतलेत तर जरा सैल सोडता येतं.

अडीच सेकंदांत काय येणार, असं वाटेल. २०० फ्रेमा काढा, आठ मिनिटांचा प्रकाश जमतो. एका फ्रेमच्या मानाने गोंगाट २०० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे साधारण १४ पट खाली येतो. आणि इंदिरानगरमध्ये लांब एक्स्पोजर घेऊन तसाही फायदा नाही, आकाशच पांढरं होतं. हिस्टोग्रामचा (कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डाव्या भिंतीपासून सुटला की पुरे. आयएसओ १६०० आणि एफ/२.८ वर शहरात तो अडीच सेकंदांत सुटतो. एफ/१.८ वर जाऊ नका, कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात.

फोकस ऑटोवर ठेवून चालणार नाही. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून रोहिणी किंवा व्याधावर हाताने फोकस करा आणि रिंगवर चिकटपट्टी मारा. दर दहा-पंधरा फ्रेमांनी कॅमेरा किंचित हलवून परत रोखा. जुन्या सेन्सरचे गरम पिक्सेल त्यामुळे एकाच जागी साचत नाहीत, नाहीतर रचलेल्या फोटोत रंगीत पाऊस पडल्यासारख्या रेघा येतात. शेवटी टोपण लावून तेवढ्याच वेळाचे वीसेक डार्क (सेन्सरचा गोंगाट वजा करायच्या काळ्या फ्रेमा). सकाळी लेन्सवर धुतलेला पांढरा बनियन ताणून उजळत्या आकाशाचे फ्लॅट (लेन्सवरची धूळ आणि कोपऱ्यांतला अंधार वजा करायच्या फ्रेमा). त्या वेळी फोकसला हात लावायचा नाही.

फ्रेमा रचायला डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. चार जीबीवर रडतखडत चालतील. रात्री लावून झोपा.

सहावी_स्कीम

तुमचा मुलगा बरोबर सांगतोय. मी सिडकोत राहतो, बाल्कनी दक्षिणेला, समोर हायमास्ट. सीस्टार एस५० हा स्मार्ट टेलिस्कोप ठेवला, फोनवर नाव टाकलं, त्याने स्वतः शोधलं, स्वतः फोकस केला, दहा-दहा सेकंदांच्या फ्रेमा घेऊन स्वतःच रचल्या. अर्ध्या तासात एम ४२ चे (मृगातल्या तेजोमेघाचे) पंख दिसायला लागले. दुहेरी पट्ट्याचा फिल्टर आतच आहे. ५० मिमीचं भिंग, २५० मिमी फोकल लांबी, वजन एका हातात मावेल इतकं. फिटरसाहेबांच्या पद्धतीने त्या वेळात कॅमेऱ्याचा फोकस पण झाला नसता.

सातपूरकर_फिटर

@सहावी_स्कीम, फोकस दोन मिनिटांत होतो हो.
बाकी मान्य. पण त्याच्या चौकटीत आकाश मावतं किती? सव्वा अंश बाय पाऊण अंशाच्या आत. देवयानी दीर्घिका तीन अंशांची आहे. तिचे तुकडे जोडत बसावं लागतं. पन्नासच्या लेन्समध्ये अख्खा मृग मावतो, बार्नार्डच्या वलयासकट (मृगाभोवतीची हायड्रोजनची मोठी पुसट कमान).

सहावी_स्कीम

बार्नार्डचं वलय साध्या ११००डीत येणार? कॅमेऱ्याच्या आतला फिल्टर ६५६ नॅनोमीटरचा हायड्रोजनचा लाल प्रकाश बहुतेक खाऊन टाकतो. दाखवा काढून.

सातपूरकर_फिटर

बरं, वलय सोडा. मृग मावतो.

शनीची_साडेसाती

सहा इंची एफ/८ विकू नका. पुन्हा लिहितो, विकू नका. स्मार्ट टेलिस्कोपमध्ये गुरू म्हणजे दोन पट्टे असलेला साबुदाणा. ग्रहांना फोकल लांबी लागते, आणि ती तुमच्या माळ्यावर पडलीय.

मोटर नाही म्हणून ग्रह जमणार नाहीत हा गैरसमज आहे. एक छोटा ग्रहांचा कॅमेरा घ्या, साधारण २.९ मायक्रॉन पिक्सेलचा, आयएमएक्स४६२ सेन्सरवाला चालेल. तुमचा सगळा खर्च तेवढाच. ढोबळ हिशेब असा की एफ-गुणोत्तर पिक्सेलच्या पाचपट हवं, म्हणजे साडेचौदा. तुमचं आठ, त्याला दुप्पट बार्लो (फोकल लांबी वाढवणारं भिंग) लावला की सोळा. झालं. २४०० मिमीवर त्या सेन्सरची लांब बाजू आठ आर्कमिनिटांची होते. गुरूला डाव्या कडेला आणून सोडून द्या, तो आपला आपण अर्ध्या मिनिटात उजव्या कडेला पोचतो. तेवढ्यात सेकंदाला शंभर फ्रेमा धरल्या तरी तीन हजार मिळतात. नळी पुढे ढकला, परत सोडा. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे एका फोटोसाठी दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नका, नाहीतर तांबडा डाग फासला जातो. मग पीआयपीपी ग्रहाला प्रत्येक फ्रेममध्ये मधोमध आणतं आणि ऑटोस्टॅकर चांगल्या फ्रेमा निवडून रचतं. शेवटची धार तुमच्या ओळखीचा रेजिस्टॅक्सच काढून देईल, म्हातारा अजून आहे.

आपल्याला इथे एक गोष्ट फुकटात मिळालीय आणि तिचं मोल आपल्याला नाही. नाशिक २० अक्षांशावर. या मोसमात गुरू मिथुनेत, क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) सुमारे २२ अंश उत्तर. म्हणजे मध्यावर येतो तेव्हा डोक्यावर, माथ्यापासून जेमतेम दोन अंशांवर. हवेचा थर कमीत कमी. लंडनवाल्यांना तो उन्हाळी राशीत असेल तर क्षितिजाला घासत जातो, म्हणून त्यांच्या व्हिडिओंमध्ये वातावरणाने पसरवलेले रंग दुरुस्त करायची भिंगं विकत घ्यायला सांगतात. आपल्याला या वर्षी त्याची गरज नाही. फक्त डॉब्सन बरोबर माथ्यावर वळत नाही, नळीला आडवं फिरवायला पकडच मिळत नाही. म्हणून गुरू मध्यावर यायच्या तास-दीड तास आधी उरकून घ्या. १० जानेवारी २०२६ ला प्रतियुती (गुरू सूर्याच्या बरोबर समोर) आहे.

शनीची कडी मार्चमध्ये आडवी झाली होती, अजून रेघच आहे. त्याच्या नादी यंदा लागू नका. (नाव माझं असलं तरी.)

अजून एक. ११००डी थेट त्या दुर्बिणीला लावायला जाल तर फोकस मिळणार नाही. कॅननचा सेन्सर लेन्स बसते त्या कड्यापासून ४४ मिमी आत असतो आणि आपण डोळ्याने बघायला बांधलेल्या नळ्यांमध्ये प्रतिमा तेवढी बाहेर येतच नाही. फोकसर पूर्ण आत ढकलला तरी थोडं कमीच पडतं. चंद्रासाठी मध्ये बार्लो घाला, काम होतं. कायमचा उपाय म्हणजे मुख्य आरशाची बैठक नळीत दोनेक इंच वर सरकवणे. आरसा स्वतः घासलाय म्हणता, तर चार भोकं पाडायला घाबरणार नाही.

कृत्तिका

सगळे पुढचं सांगताय, पण दुर्बीण इतकी वर्षं माळ्यावर होती. काका, आधी आरसा बघा. अंधारात टॉर्च तिरका धरून बघा, समोरून नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, आणि नाशिकच्या पावसाळ्यांत ती न लागली तर नवल.

धूळ दिसली म्हणून पुसू नका, ओरखडे पडतील. आरसा बैठकीतून काढा, आणि काढण्याआधी कडेला पेन्सिलने खूण करा म्हणजे परत तसाच बसवता येईल. प्लास्टिकच्या टबात खाली जुना टॉवेल, त्यावर आरसा. नळाचं पाणी वरून हळू सोडा, निम्मी घाण तिथेच जाते. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि त्यात पाच मिनिटं भिजवा. कापसाचा बोळा त्याच्या स्वतःच्या वजनाने फिरवायचा, बोट दाबायचं नाही. एक पट्टा झाला की तो बोळा फेकायचा, दुसरा घ्यायचा. शेवटी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर ओतून आरसा तिरका उभा करून ठेवा. आपलं पाणी तसंच वाळलं तर पांढरे डाग राहतात. नंतर दिव्यासमोर धरा. मुलामा फार ठिकाणी उडालेला दिसला तर नवा ॲल्युमिनियमचा थर चढवून घ्यावा लागेल.

लेन्सा मी धान्याच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवते. बॅगेत ठेवलेली लेन्स म्हणजे बुरशीला आवतण.

आणि दव! गंगापूर धरणाच्या बाजूला डिसेंबरात मध्यरात्रीनंतर कॅमेऱ्याची पिशवी पिळता येते. न्यूटोनियनचा आरसा नळीच्या तळाशी असल्याने बऱ्यापैकी वाचतो, पण कॅमेऱ्याची लेन्स उघडी असते. योगा मॅटची गुंडाळी करून लेन्सपुढे नळी लावा आणि लेन्सभोवती यूएसबीवर चालणारा गरम पट्टा, पॉवर बँकवर. पट्टा दव पडायच्या आधी चालू करायचा.

रात्रपाळी

आज आरसा काढला. जाळी आहे. धन्यवाद कृत्तिकाताई, रविवारी आंघोळ घालतो.

भारनियमन_प्रेमी

फिल्टरबद्दल कुणीच बोललं नाही. सोडियमचा दिवा मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास जळायचा, म्हणून तेवढा पट्टा कापला की आकाश काळं व्हायचं. आता रस्तोरस्ती पांढरे एलईडी. त्यांचा प्रकाश निळ्यापासून लालपर्यंत सलग असतो, कापणार काय? जुना फिल्टर आता फक्त फोटोला हिरवट-निळी झाक देईल. शहरातून तेजोमेघ घ्यायचे तर दुहेरी पट्ट्याचाच हवा, हायड्रोजनचा ६५६ आणि ऑक्सिजनचा ५०१ सोडणारा. आणि तोही दीर्घिकांना उपयोगाचा नाही, कारण दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचाच सलग प्रकाश. त्यांच्यासाठी एकच फिल्टर, पेट्रोल.

गणित सोपं आहे. आकाश एक प्रतीने (ताऱ्यांची तेजस्विता मोजायच्या एककाने) उजळलं की तेवढ्याच दर्जाच्या फोटोला अडीचपट वेळ लागतो. तीन प्रतींनी उजळलं तर जवळजवळ सोळापट. गावाबाहेर तासभर काढलात तर तो इंदिरानगरच्या गच्चीतल्या सोळा तासांना भारी. मी आजही दोन हजार सालानंतरचं भारनियमन आठवून उसासे टाकतो. तेव्हा पंखा बंद असायचा पण गच्चीतून आकाशगंगा दिसायची.

आता सिंहस्थाची कामं निघाली आहेत, नवे रस्ते, नवे दिवे. गंमत अशी की ज्या गुरूच्या सिंह राशीतल्या प्रवेशावरून हा सगळा खटाटोप, तोच गुरू २०२७ च्या फेब्रुवारीत सिंह तारकासमूहात प्रतियुतीला असेल, आणि थोड्याच दिवसांनी मंगळही तिथेच. मंगळ मात्र तेव्हा जेमतेम १४ आर्कसेकंदांचा. २००३ ला २५ होता.

इंदिरानगरकर

सगळ्यांचे आभार. कुठे जायचं तेही सांगा. वणीचा गड कसा राहील?

भारनियमन_प्रेमी

गड छान, पण सप्तशृंगीवरून नाशिक दक्षिणेला येतं, आणि एप्रिल-मेमध्ये आकाशगंगेचा गाभा दक्षिणेलाच. म्हणजे नाशिकचा उजेड बरोबर फोटोत. किती किलोमीटर लांब गेलात यापेक्षा शहर कुठल्या दिशेला सोडलंत ते बघा. मृगासाठी, म्हणजे उंचावरच्या गोष्टींसाठी, पेठ किंवा हरसूलकडे जा, नाशिकचा उजेड पूर्वेला खाली राहतो. दक्षिणेच्या गोष्टींना भंडारदरा. फक्त मेअखेरीपासून काजवे बघणाऱ्यांची गर्दी सुरू होते, मग गाड्यांचे हेडलाइट रात्रभर.

दक्षिणेचं म्हणजे काय, तर ओमेगा सेंटॉरी. युरोपातल्या बऱ्याच हौशी लोकांना तो तारकागुच्छ जन्मात घरून दिसत नाही. आपल्याकडे क्षितिजापासून साडेबावीस अंश वर येतो, एप्रिलच्या मध्यात मध्यरात्री. अगस्त्य सतरा अंशांवर. पन्नासच्या लेन्सलाही ओमेगा कापसाच्या गोळीसारखा येतो.

गोदाकाठचा_भुरटा

अवांतर: उसाच्या कडेला तिवई लावू नका. निफाड-सिन्नरकडे बिबट्याचं सांगायला नको. एकट्याने जाऊ नका, गाडीच्या आडोशाला राहा, आणि ओळखीच्या मळ्यात जा, मालकाला आधी फोन करून. निर्जन जागी, अमावास्येच्या रात्री, लाल टॉर्च घेऊन चार माणसं काहीतरी पुटपुटतायत म्हटल्यावर गाव भलतंच समजतं. आम्हाला एकदा विचारलं होतं, नारळ-लिंबू कुठे आहेत. गुरूचे चार चंद्र दाखवले, मग चहा मिळाला.

सहावी_स्कीम

निफाडकडे डिसेंबरात अजून एक अडचण. पारा फार उतरला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या करतात. धूर खालीच तरंगत राहतो.

इंदिरानगरकर

थोडं उशिरा लिहितोय, कारण हात कामात होते.

आरसा धुतला. कडेला दोन ठिकाणी मुलामा गेलाय, मधलं ठीक आहे, यंदा असाच वापरणार. दुर्बीण विकणार नाही. स्मार्ट टेलिस्कोपही तूर्त नाही, पोराला सांगितलं तुझ्या पगारातून घे.

तिवईवरून अडीच सेकंदांच्या फ्रेमा घेऊन मृग रचला. गच्चीतून! एम ४२ चा गुलाबी-निळा पुंजका स्पष्ट आहे, निळसर राजन्य (रायगेल) आणि तांबूस काक्षी (बीटलज्यूस) यांच्या रंगांतला फरकही येतो. पार्श्वभूमीला नारिंगी छटा होती, ती सिरिलमधल्या पार्श्वभूमी काढायच्या सोयीने बरीच गेली. बार्नार्डचं वलय अर्थातच नाही.

मग हाव सुटली आणि बिजागरीचा ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारा पाट) केला. प्लायच्या दोन फळ्या, एका टोकाला पितळी बिजागरी, दुसऱ्या बाजूला एम६ चा आटे असलेला रॉड. एम६ चा आटा फेऱ्याला एक मिलिमीटर सरकतो. आकाश मिनिटाला पाव अंश फिरतं, तर रॉड बिजागरीच्या अक्षापासून २२८.५ मिमीवर असला की मिनिटाला एक फेरा बरोबर बसतो. मोटर नाही, रॉडच्या टोकाला डब्याचं झाकण चिकटवलंय, त्यावर चार खुणा, दर पंधरा सेकंदांनी पाव फेरा. बिजागरीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे फक्त २० अंश वर. अशा ट्रॅकरचे तयार आराखडे ४०-५० अंशांचे असतात, आपला पाट जवळजवळ निजलेलाच राहतो, त्यामुळे कॅमेऱ्याचं डोकं फळीला अडतं. खाली लाकडी पाचर ठोकून वेगळा उंचवटा करावा लागला.

प्रश्न: आमच्या गच्चीतून उत्तरेला समोरची सात मजली इमारत आहे, ध्रुवतारा दिसत नाही. होकायंत्रावर भागेल का?

सातपूरकर_फिटर

काका, नाद केला तुम्ही! भागेल. अक्ष एक अंशाने चुकला तर जास्तीत जास्त सेकंदाला पाव आर्कसेकंद घसरण. दोन मिनिटांत ३० आर्कसेकंद, म्हणजे ५० मिमीवर दीड पिक्सेल. खुद्द ध्रुवतारासुद्धा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून जास्तच लांब आहे. उंचीला फोनचं लेव्हल ॲप वापरा. दिशेला फोनचं होकायंत्र नको, गच्चीतल्या सळयांमुळे ते वेडं होतं. दुपारी सूर्य बरोबर मध्यावर असताना ओळंब्याची सावली जमिनीवर खडूने आखा, ती उत्तर-दक्षिण. वेळ स्टेलेरियम या आकाशाच्या ॲपमध्ये बघा, घड्याळाचे बारा धरू नका.

शनीची_साडेसाती

आणि २० डिसेंबरला शनिवार आहे, अमावास्याही. हरसूलकडे एक मळा ठरतोय. कोण कोण?

कृत्तिका

मी. दोन पट्टे जास्तीचे आणते.

रात्रपाळी

मी, धुतलेल्या आरशासकट.

इंदिरानगरकर

येतो. एम६ चा रॉड दुकानात मीटरभराचाच मिळाला, मला वीतभर लागला. उरलेल्यात अजून तीन-चार ट्रॅकर होतील. कुणाला हवा असेल तर लांबी सांगा, कापून आणतो. बिजागरी ज्याची त्याने आणायची, आणि घेताना हलवून बघा, खुळखुळली की ठेवून द्या.